लिनक्सला मेस्त्री हवा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा-अपडेट थांबवले. त्या दिवशी कोणाचाही लॅपटॉप बंद पडला नाही, त्यामुळे ही तारीख घराघरांत कोणाच्या फारशी लक्षात आली नाही. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून आणखी एक वर्ष अपडेट घेण्याची सवलत कंपनीने ठेवली, पण तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. विंडोज ११ टाकावे, तर त्याला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. म्हणजे २०१७ च्या आधी घेतलेले, पडदा शाबूत आणि कीबोर्ड ठीक असलेले बहुतेक लॅपटॉप कागदोपत्री निवृत्त झाले. असा लॅपटॉप घेऊन कोल्हापुरात राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत दुरुस्तीच्या दुकानात गेलेल्या माणसाला साधारण दोन सल्ले मिळतात: नवीन घ्या, किंवा फॉरमॅट मारून पुन्हा विंडोजच टाकू. लिनक्स हा तिसरा सल्ला क्वचितच ऐकू येतो. तो ऐकू आला पाहिजे, आणि तो दुकानाच्या काउंटरवरूनच आला पाहिजे. लिनक्स फुकट डाउनलोड होते, सुरक्षितही असते, तरी सामान्य घरात ते टिकत नाही. टाकून देणारा कोणीतरी भेटतो, पण नंतर बघणारा मेस्त्री भेटत नाही, हे त्याचे खरे कारण आहे.

लिनक्स म्हणजे काय, हे थोडक्यात सांगायला हवे. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने एका ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा लिहिला आणि त्याचा मूळ कोड सगळ्यांसाठी खुला ठेवला. त्याआधी आठ वर्षे, १९८३ मध्ये, रिचर्ड स्टॉलमन यांनी जीएनयू प्रकल्प सुरू केला होता. त्या प्रकल्पाची साधने आणि हा गाभा एकत्र येऊन आज आपण वापरतो ती पूर्ण यंत्रणा उभी राहिली. अँड्रॉइड फोनच्या आतला गाभाही लिनक्सचाच आहे, त्यामुळे ‘आम्ही कधी लिनक्स वापरलेले नाही’ असे म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या खिशात ते असतेच. लॅपटॉपसाठी त्याच्या अनेक आवृत्त्या मिळतात. नवख्या माणसाला उबुंटू किंवा लिनक्स मिंट बरे पडते. मिंटची २२ ही आवृत्ती २०२४ मध्ये आली आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. ती किमान दोन जीबी रॅमवर चालते, पण ब्राउझर उघडून नीट काम करायचे तर चार जीबी हवी. फिरत्या चकतीची जुनी हार्डडिस्क असेल, तर लिनक्स टाकल्यावरही लॅपटॉप रेंगाळणारच. तिथे आधी एसएसडी बसवावी आणि मग लिनक्स टाकावे. हा क्रम न सांगता लिनक्सने जुना लॅपटॉप नव्यासारखा पळेल असे सांगणे ही फसवणूक आहे.

टाकण्याची रीत अवघड नाही. दुसऱ्या संगणकावर मिंटची सुमारे तीन जीबीची फाइल उतरवून घ्यायची, रूफस किंवा बलेना एचरसारख्या प्रोग्रॅमने ती आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर बूट होईल अशी लिहायची आणि लॅपटॉप सुरू करताना बूट मेनूची कळ दाबायची. डेलला एफ १२, एचपीला एफ ९, लेनोवोच्या काही मॉडेलना कडेला सुई टोचून दाबायचे बारीक बटण. त्याआधी दोन कामे चुकवू नयेत. सगळ्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, आणि विंडोजमध्ये बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी, कारण बायोसमध्ये हात घातल्यावर विंडोज ती मागू शकते. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू झाले की ते पेनड्राइव्ह आणि रॅमवरच चालते आणि डिस्कला हातही लावत नाही. या अवस्थेची किंमत फार कमी लोकांना कळते. अर्धा तास इथेच थांबून वायफाय जोडून पाहावे, आवाज, कॅमेरा, टचपॅड आणि पडद्याचा उजेड तपासावा, झाकण मिटून लॅपटॉप झोपतो आणि परत उठतो का तेही बघावे. नांदण्याआधी घर बघून घेण्याची अशी मुभा दुसरी कुठलीही सिस्टिम इतक्या सहज देत नाही, आणि तरी घाईने ‘इन्स्टॉल’ दाबून नंतर पस्तावणारे पुष्कळ असतात.

खरी परीक्षा त्यानंतर. गंमत अशी की लिनक्सच्या तक्रारी अगणित वाटल्या तरी घरगुती लॅपटॉपवर त्याच त्या पाच-सहा पुन्हा पुन्हा येतात. पहिली वायफायची. ब्रॉडकॉमच्या काही जुन्या चिपांचा ड्रायव्हर आधीपासून घातलेला नसतो. तो उतरवायला इंटरनेट लागते, आणि इंटरनेटला वायफाय लागते. नवखा माणूस इथेच हात टेकतो. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडून त्याचे टेदरिंग चालू केले, तर लिनक्स ते विनातक्रार ओळखते. मग ड्रायव्हर मॅनेजर उघडून दोन क्लिकमध्ये काम होते. एचपीच्या काही स्वस्त मॉडेलांत रिअलटेकची एक चिप आहे, तिला अँटेनासाठी दोन जागा आहेत आणि वायर एकाच जागी जोडलेली असते. लिनक्स दुसऱ्या जागी सिग्नल शोधत बसते आणि राउटर शेजारी असूनही एकच दांडी दिसते. अँटेनाचा क्रमांक बदलणारी एक ओळ सेटिंगच्या फायलीत घातली की रेंज भरून येते. एनव्हिडियाचे ग्राफिक कार्ड असेल तर कधी पडदा काळाच राहतो. सुरुवातीच्या मेनूत ‘नोमोडसेट’ हा शब्द जोडून यंत्रणा उघडायची आणि मग कंपनीचा ड्रायव्हर टाकायचा. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल, तर बायोसमध्ये डिस्कची पद्धत इंटेलच्या रेड प्रकारावर ठेवलेली असते, ती एएचसीआयवर आणावी लागते. विंडोज सोबत ठेवायचे असेल तर हा बदल विंडोजला आधी सांगून करावा लागतो, नाहीतर तेच उघडत नाही.

विंडोज आणि लिनक्स दोन्ही एकाच लॅपटॉपवर नांदवले की आणखी काही कुरबुरी निघतात. एकातून दुसऱ्यात गेल्यावर घड्याळ बरोबर साडेपाच तासांनी चुकते. लिनक्स यंत्रातल्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते आणि विंडोज तिथे स्थानिक वेळ आहे असे धरून चालते, आणि भारताचा फरक साडेपाच तासांचा. एका आदेशाने हे मिटते. विंडोजच्या डिस्कवरच्या फायली लिनक्समधून दिसतात पण बदलता येत नाहीत, कारण ‘फास्ट स्टार्टअप’मुळे विंडोज पूर्ण बंदच झालेले नसते, ती सोय काढून टाकली की प्रश्न संपतो. यातली काही दुखणी मात्र बाहेरून येतात. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा-अपडेटनंतर अनेकांचे शेजारचे लिनक्स उघडेनासे झाले होते. म्हणून जुन्या लॅपटॉपवर शक्य असेल तर एकच सिस्टिम ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रिंटरचे दुखणे जरा हट्टी आहे. आपल्याकडच्या कचेऱ्यांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत हमखास दिसणारा कॅनन एलबीपी २९०० हा प्रिंटर कंपनीच्या स्वतःच्या भाषेत बोलतो, आणि लिनक्सवर त्याचा ड्रायव्हर बसवणे हे जिकिरीचे काम आहे. एचपीचे बहुतेक प्रिंटर मात्र केबल लावताच चालतात. घरात कोणता प्रिंटर आहे हे आधी विचारणारा दुकानदार पुढचा निम्मा मनस्ताप वाचवतो.

यातली प्रत्येक अडचण जाणत्याला थोड्या वेळाची आहे आणि अजाणत्याची संपूर्ण रात्र खाते. लिनक्स सोपे की अवघड, हा वाद म्हणूनच माणसावर येऊन ठरतो. आणि कोल्हापूरला असा माणूस घडवणे नवे नाही. १९१८ च्या सुमारास बाबूराव पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परदेशी यंत्राची रचना समजून घेऊन चित्रपटाचा कॅमेरा इथेच घडवला; १९२० मध्ये त्यांचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट आला. ऑइल इंजिने उघडून, दुरुस्त करून आणि मग स्वतः ओतून उद्यमनगर उभे राहिले. यंत्राचे झाकण उघडायला न भिणे हा या गावाचा गुण आहे, आणि झाकण उघडू देणारी ऑपरेटिंग सिस्टिम लिनक्सच आहे. देखभालीकडे पाहिले नाही तर काय होते, याचाही धडा याच जिल्ह्यात आहे. १९९८ मध्ये वारणा खोऱ्यातल्या सुमारे ७० गावांना संगणकाने जोडणारा ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला, तेव्हा देशभर त्याचे कौतुक झाले. पुढे मायक्रोसॉफ्टच्याच संशोधकांनी तिथल्या सात गावांत संगणक बाजूला ठेवून उसाची माहिती मोबाइलच्या एसएमएसवर आणून पाहिली. आठ महिन्यांच्या प्रयोगात ती पद्धत स्वस्त, सोयीची आणि शेतकऱ्यांना जास्त आवडणारी ठरली. गावात यंत्र पोहोचवणे वेगळे आणि ते वर्षानुवर्षे चालते ठेवणे वेगळे, हे त्या अनुभवातून दिसते.

बाहेरची दोन उदाहरणे हेच सांगतात. केरळने २००१ मध्ये सुरू केलेल्या ‘आयटी@स्कूल’ प्रकल्पातून सरकारी शाळांचे संगणक टप्प्याटप्प्याने लिनक्सवर आणले, शाळांसाठी उबुंटूवर बेतलेली स्वतःची आवृत्ती काढली आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शिक्षकांना तयार केले. २०१८ पासून ‘लिटल काइट्स’ या विद्यार्थ्यांच्या मंडळांत मुलेच हार्डवेअरपासून मल्याळम टंकलेखनापर्यंत शिकतात. जर्मनीतल्या म्युनिक शहराने २००३ मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला, २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार संगणक त्यावर आणले आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जायचे ठरवले. त्यामागच्या राजकारणावर अजून वाद होतात. पण नगरपालिकेने मागवलेल्या सल्लागारांच्या अहवालानेही मुख्य दोष संगणक विभागाच्या विस्कळीत कारभारात दाखवला होता. सॉफ्टवेअर दोन्हीकडे जवळपास सारखेच होते.

आक्षेप खरे आहेत, आणि ते झटकून टाकणारे लिनक्सचे चाहतेच त्याचे नुकसान करतात. टॅली लिनक्ससाठी बनत नाही. ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स बनत नाहीत, म्हणून उद्यमनगर आणि शिरोलीतल्या कारखान्यांच्या डिझाइनच्या टेबलांनी या वाटेला जाऊ नये. ‘वाइन’सारख्या साधनांनी विंडोजचे काही प्रोग्रॅम लिनक्सवर चालवता येतात, पण ज्यावर रोजची बिले निघतात ते असे टेकू लावून चालवणे शहाणपणाचे नाही. छपाईच्या धंद्यात श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधल्या फायलींचे ढीग आहेत. तिथेही विंडोज राहणारच. मात्र नवा मराठी मजकूर युनिकोडमध्ये लिहिणाऱ्याला लिनक्सवर काहीच कमी पडत नाही. इनस्क्रिप्ट कीबोर्ड आधीपासून असतो, उच्चारानुसार टंकनाची सोय जोडता येते आणि लिब्रेऑफिसमध्ये जोडाक्षरे नीट उमटतात. डिजिटल सहीचा डोंगल वापरणाऱ्याने त्याच्या कंपनीचा लिनक्स ड्रायव्हर आहे का हे आधी पाहावे. हे सगळे वगळल्यावर उरतो तो मोठा वर्ग: ब्राउझरमध्ये सातबारा पाहणारे, फी भरणारे, अर्ज करणारे, व्हिडिओवरून अभ्यास करणारे, पत्रे लिहिणारे. त्यांच्या कामात विंडोजच हवे असे काहीही नाही.

‘मुलांना नोकरीत विंडोजच लागणार’ हा आक्षेप पालक मनापासून घेतात. महाराष्ट्रात एमएस-सीआयटीमुळे संगणकाची ओळख अनेकांना विंडोज आणि एमएस ऑफिसमधूनच झाली, तेव्हा ही भीती स्वाभाविक आहे. पण एक्सेलचे सूत्र आणि लिब्रेऑफिस कॅल्कचे सूत्र मुख्यतः सारखेच असते, आणि संगणकशास्त्राकडे जाणाऱ्या मुलाला तर पुढे सर्व्हरवर लिनक्सच भेटणार आहे. आयटीआयच्या ‘कोपा’ या संगणकाच्या अभ्यासक्रमात लिनक्सचे प्राथमिक आदेश शिकवतातच. त्याच मुलांना वायफायचा ड्रायव्हर बसवणे, काळा पडदा सोडवणे, बिघडलेले बूट पुन्हा उभे करणे एवढे हाताने करायला लावले, तर दुकानांना हवा असलेला मेस्त्री तिथूनच मिळेल.

दुकानदाराचा आक्षेप वेगळा आहे: फुकट वस्तूत मला काय मिळणार? पण विंडोज टाकतानाही तो मजुरीच घेतो. परवाना न घेता, कुठल्यातरी ‘ॲक्टिव्हेटर’ने चालू केलेले विंडोज दिले, तर गिऱ्हाइकाच्या बँकेच्या पासवर्डशी खेळ होतो, कारण असल्या प्रोग्रॅममधून व्हायरस शिरणे नित्याचे आहे. त्याऐवजी एसएसडी विकावी, लिनक्स टाकावे, वायफाय, आवाज, प्रिंटर आणि मराठी कीबोर्ड गिऱ्हाइकासमोर चालवून दाखवावेत, आणि सहा महिने बघून देण्याचे ठरावीक पैसे उघडपणे घ्यावेत. गिऱ्हाइकानेही ते देताना घासाघीस करू नये. सॉफ्टवेअर फुकट आहे, त्या माणसाचा वेळ फुकट नाही.