दोनशे दहा डावांची साक्ष

डेव्हिड ब्रॉन्स्टाइन यांचे ‘मेझ्दुनारोद्नी तुर्नीर ग्रोस्मेइस्तेरोव’ १९५६ साली मॉस्कोच्या ‘फिझ्कुल्तुरा इ स्पोर्त’ या प्रकाशनाने काढले. १९५३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या नॉयहाउझेन आणि झुरिच येथे झालेल्या, बुद्धिबळाच्या जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेवरचे हे पुस्तक. १९६० मध्ये दुसरी आवृत्ती आली, सत्तरच्या दशकाच्या अखेरीस इंग्रजी भाषांतर झाले, आणि रशियन मूळ प्रत आता संग्राहकांच्या शोधाचा विषय आहे. त्याची थोरवी सांगताना बहुतेक जण त्यातल्या गद्याकडे बोट दाखवतात: लांबलचक चालींच्या जंजाळात वाचकाला न गुंतवता डावामागचा विचार उलगडणारे, काळ्या घरांवरची पकड म्हणजे काय हे साध्या भाषेत सांगणारे लेखन. ही स्तुती रास्तच आहे. तरी माझ्या मते या पुस्तकाचे सर्वांत मोठे मोल त्याच्या संपूर्णतेत आहे. पंधरा खेळाडू, प्रत्येकाशी दोनदा गाठ, असे २१० डाव झाले आणि ब्रॉन्स्टाइन यांनी त्यातला एकही गाळला नाही.

निवडक डावांच्या संग्रहात काय उरले असते ते पाहू. अवेरबाख आणि कोटोव्ह यांचा डाव नक्कीच उरला असता. त्यात तिसाव्या चालीला कोटोव्ह यांनी वजीर देऊन एच ३ वरचे साधे प्यादे मारले. पांढऱ्या राजाला तो वजीर घ्यावाच लागला, मग हत्तीचा शह, घोड्याचा शह, आणि बघता बघता राजा आपल्या प्याद्यांचा आडोसा सोडून जी ४ वरून एफ ५ वर, थेट शत्रूच्या गोटात. ५१ व्या चालीला अवेरबाख यांनी डाव सोडला. कोणत्याही संग्रहाची शोभा वाढवावी असाच हा डाव आहे. पण स्पर्धेचा इतिहास म्हणून पाहिले तर पहिल्या क्रमांकाच्या झुंजीशी त्याचा संबंध नाही. दोघेही गुणतक्त्याच्या मधल्या-खालच्या भागात राहिले. पहिला क्रमांक स्मिस्लोव्ह यांनी १८ गुणांनी मिळवला. स्वतः ब्रॉन्स्टाइन, केरेस आणि अमेरिकेचे रेशेव्स्की प्रत्येकी १६ गुणांवर थांबले. हे दोन गुणांचे अंतर कसे पडले, ते समजायला देखणे डाव पुरत नाहीत, निरस बरोबऱ्याही लागतात.

आणि त्या बरोबऱ्यांवरच पुढे संशयाचे ढग जमले. पंधरांपैकी नऊ खेळाडू सोव्हिएत होते, म्हणजे ७२ डाव त्यांच्या आपापसातले. रेशेव्स्की पुढे जाऊ नयेत म्हणून वरून दबाव होता, असे खुद्द ब्रॉन्स्टाइन यांनी उतारवयात जाहीरपणे सांगितले. १९६२ मध्ये क्युरासाव येथील अशाच स्पर्धेत सोव्हिएत पेट्रोस्यान, केरेस आणि गेलर यांनी आपापसातले बाराही डाव बरोबरीत सोडवले, तेव्हा अमेरिकेचे फिशर यांनी संगनमताचा उघड आरोप केला आणि त्यानंतर आव्हानवीर ठरवण्याची पद्धतच बदलली. झुरिचचे चित्र इतके सरळ नाही. स्मिस्लोव्ह यांचा एकमेव पराभव केला तो सोव्हिएत कोटोव्ह यांनीच. पुढे केरेस यांनी स्मिस्लोव्ह यांच्यावर हल्ला चढवताना एक हत्ती देऊ केला. स्मिस्लोव्ह यांनी तो घेतला नाही आणि डाव जिंकला. असे हत्ती पणाला लावणारा माणूस ठरवून खेळत होता, हे मला पटत नाही. दबाव असेल, पण तो सगळ्यांनी सारखाच मानला नसावा.

यावर आक्षेप असा, की १९५६ च्या पुस्तकात लेखक या प्रकरणावर गप्प आहे, मग ते पुस्तक साक्षीदार कसे? त्यात भर म्हणजे गद्याचा बराच भाग ब्रॉन्स्टाइन यांचे स्नेही बोरिस वैन्श्टाइन यांच्या हातचा आहे, हेही ब्रॉन्स्टाइन यांनी नंतर मान्य केले. पण १९५६ च्या मॉस्कोत असे काही छापून येण्याची शक्यता नव्हतीच. जे छापता येत होते ते, म्हणजे प्रत्येक डावाची प्रत्येक चाल, त्यांनी पुरेपूर छापले. लेखकाच्या मौनाची तपासणी त्याच्याच पुस्तकातून करता येते, आणि एवढी सोय चांगल्या-चांगल्या आत्मचरित्रांतही नसते. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: २१० डाव आज संगणकावर क्षणात मिळतात आणि पुस्तकातल्या विश्लेषणातल्या चुकाही संगणक दाखवतो. चुका आहेत, यात वाद नाही. मात्र संगणकावर मिळतात त्या नुसत्या चाली. एखादी बरोबरी त्या काळच्या ग्रँडमास्टरला कशी दिसली, कोणत्या डावाला त्याने पानेच्या पाने दिली आणि कोणता चार ओळींत आटोपला, ही नोंद पुस्तकातच आहे. विश्लेषण चुकले तरी ती नोंद खरीच राहते. म्हणून संशयित बरोबऱ्यांचा अभ्यास करायचा असेल तर संगणकाचा निवाडा आणि १९५६ चे भाष्य शेजारी-शेजारी ठेवून, सोव्हिएत खेळाडूंचे ते ७२ डाव एकेक करून वाचले पाहिजेत.