जीभ किती वेळ टेकते

इटालियन भाषेचं कौतुक करताना सगळे तिच्या स्वरांकडे बोट दाखवतात. जवळजवळ प्रत्येक शब्द स्वरात संपतो, म्हणून ही भाषा गाण्यासाठीच जन्मली, असं ऑपेराच्या रसिकांत मानलं जातं. पण लॅटिनच्याच पोटी जन्मलेल्या स्पॅनिशमध्येही स्वरान्त शब्द रगड आहेत आणि तिचा ठेका मात्र निराळा आहे. इटालियनचा ठेका घडतो तो व्यंजनांत. त्यातही जीभ कुठे टेकते याइतकंच ती किती वेळ टेकून राहते, याला महत्त्व आहे. 'फातो' म्हणजे नियती आणि 'फात्तो' म्हणजे केलेलं. दोन्हीत जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे जाऊन हवा अडवतं. पहिल्यात ते लगेच सुटतं आणि आधीचा 'आ' ऐसपैस लांबतो. दुसऱ्यात स्वर आखडतो, जीभ साधारण दुप्पट वेळ दातांशी राहते आणि तेवढा वेळ तोंडातून काहीच बाहेर येत नाही. ही अडवणूक म्हणजे उच्चाराचा भागच.

हे दुहेरी व्यंजन आलं कुठून? लॅटिनमध्ये सात म्हणजे 'सेप्तेम'. ओठ मिटायचे आणि लगेच जीभ दातांशी न्यायची, ही कसरत इटालियन तोंडांनी टाळली. पण तिला लागणारा वेळ राखून ठेवला आणि 'सेत्ते' झालं. 'ओक्तो'चं 'ओत्तो' (आठ) झालं तेही असंच. प्राकृत चाळलेल्या वाचकाला हे ओळखीचं वाटेल. सप्तचं सत्त आणि भक्तचं भत्त आपल्याकडेही झालंच होतं. मराठी तिथून पुढे गेली, दुहेरी त एकेरी केला आणि वाचलेला वेळ आधीच्या स्वराला देऊन टाकला: सात, भात. इटालियन मात्र प्राकृताच्याच मुक्कामाला राहिली, आणि तिथे ती सुखात दिसते.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. ला स्पेत्सिया ते रिमिनी अशी रेघ ओढली, तर तिच्या उत्तरेकडच्या मिलान-व्हेनिसच्या बोलींमध्ये दुहेरी व्यंजन उरलेलंच नाही, आणि तिथल्या माणसांच्या प्रमाण इटालियनमध्येही ते कधीकधी सैल पडतं. मग ते भाषेचा कणा कसं? उत्तर असं की प्रमाणभाषा उभी राहिली तीच मुळी फ्लॉरेन्सच्या तोस्कान बोलीवर, आणि दुहेरी अक्षर उत्तरेतलं मूलही शाळेत गिरवतं. फ्लॉरेन्स आणि रोममध्ये तर हा सोस दोन शब्दांच्या सांध्यातही शिरतो. 'आ कासा', म्हणजे घरी, याचा उच्चार 'आक्कासा' होतो. लॅटिन 'आद'मधला लोपलेला द पुढच्या क मध्ये जिरला आहे. संदर्भावरून अर्थ कळतोच, असं कोणी म्हणेल. बहुतेक वेळा कळतो, हे खरं. तरी वय सांगताना 'आन्नी'मधला न सैल सोडू नये; त्याचं 'आनी' झालं की वर्षांची गुदद्वारं होतात, आणि समोरचा सगळं समजूनच हसत असतो.

मराठी माणसाला यातलं बरंचसं आयतं मिळालेलं आहे. मका आणि मक्का, गडी आणि गड्डी हा भेद आपली जीभ रोज करते. आपला त दातांवरच टेकतो, प-त-क म्हणताना इंग्रजीसारखा हवेचा झोत सुटत नाही, आणि 'पित्त्सा'मधला त्स 'चमचा'तल्या च मध्ये बसलेला आहे. घोटाळा होतो तो शब्द इंग्रजीच्या वाटेने येतात म्हणून. मेनूकार्डावर 'रिसोटो', 'ब्रुशेटा' छापलं जातं. इटालियनमध्ये ट नाहीच, ते 'रिसोत्तो' आणि 'ब्रुस्केत्ता'. जोडाक्षरांची लिपी हाताशी असून ही कंजुषी कशासाठी, कळत नाही. नवं शिकावं लागतं ते थोडंच, पण ते चिवट आहे. लसूण आणि तेल घातलेल्या स्पागेत्तीचं नाव आपण 'आल्यो ए ओल्यो' असं लिहितो आणि दोन्ही ल्य सारखेच म्हणतो. तेलाचा ल्य आपलाच आहे: टोक वर टेकवून मग य कडे घसरायचं. लसणाच्या वेळी मात्र टोक खालच्या दातांमागे पडून राहतं, जिभेचा मधला भाग टाळूला चिकटतो आणि हवा दोन्ही कडांनी निसटते. आणि हे व्यंजन दोन स्वरांमध्ये आलं की नेहमी दुहेरीच असतं, म्हणजे जीभ टाळूला लावून पुन्हा थांबणं आलंच.