फिरत्या बादलीतून युरियाचा दाणा

युरियाचा वाटोळा पांढरा दाणा साच्यात घडत नाही. तो धार तुटून तयार होतो. प्रिलिंग मनोऱ्याच्या, म्हणजे दाणे पाडण्याच्या उंच मनोऱ्याच्या, माथ्यावर भोकांची बादली गरगर फिरत असते. सुमारे १३५ ते १४० अंश सेल्सिअसला वितळलेला युरिया तिच्यातून बारीक धारांनी उडतो, थेंब होतो आणि खालून वर येणाऱ्या हवेत पडता पडता गोठतो.

फिरण्यामुळे प्रत्येक धार मागच्या बाजूला वळलेली दिसते. द्रवाचा एकेक कण मात्र, गुरुत्वाकर्षण आणि हवेचा अडथळा वगळला तर, सुटल्यावर सरळच जातो. वळण असते ते ओळीने सुटलेल्या कणांच्या रांगेचे.

धार तोडतो तो पृष्ठताण. बेल्जियमचे जोझेफ प्लातो यांनी १८७३च्या ग्रंथात सांगितले, की धारेवरच्या, तिच्या परिघाहून लांब लहरी वाढत जातात आणि तिला तोडतात. तेव्हा त्यांची दृष्टी गेलेली होती, हे विशेष! पुढे लॉर्ड रॅले यांनी गणित मांडले: सर्वांत झपाट्याने वाढणारी लहर धारेच्या व्यासाच्या साधारण ४.५ पट लांब, म्हणून थेंब धारेच्या सुमारे १.९ पट जाड. हा हिशेब स्थिर जाडीच्या, पातळ द्रवाच्या धारेचा. फिरत्या बादलीची धार पुढे पुढे बारीक होत जाते, तिथे तो जसाच्या तसा लागू होत नाही.

खरा त्रास उपथेंबांचा. दोन मोठ्या थेंबांमधला तंतू तुटून ते उरतात, गोठून धूळ होतात आणि हवेबरोबर मनोऱ्याबाहेर जातात. ते टाळण्यासाठी काही ठिकाणी बादलीला ठरावीक कंपने देतात. त्यामुळे धारेचे तुकडे बरेचसे सारखे पडतात.