ऊस गारगोटीचा, कोयता बीडचा. पैसा थांबतो कुठं?

दिवाळी झाली की गारगोटी-मुदाळ तिट्टा रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर वाढतात आणि वेदगंगेकाठी ऊसतोड टोळ्यांची पालं पडतात. यातल्या बऱ्याच टोळ्या बीडकडच्या. धारूर, वडवणी, केज असल्या कोरडवाहू तालुक्यांतून चार-पाच महिने घराला कुलूप लावून आलेल्या.

पोटासाठी गाव सोडणं भुदरगडलाही नवं नाही. 1982 च्या संपापर्यंत इथली कितीतरी घरं मुंबईच्या गिरणीवर चालली. पण गिरणीवाला आधी राबायचा, मग पगारातली मनिऑर्डर गावाकडं यायची. ऊसतोडीत उलटं आहे. पैसा आधी, काम नंतर.

यालाच उचल म्हणतात. कारखान्याशी करार करणारा वाहतूकदार मुकादमाला पैसे देतो, मुकादम जोडीला. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल लग्नात, दवाखान्यात, जुन्या देण्यात जाते. जोडी फडात येते तेव्हा ती बहुतेक संपलेलीच असते. मग हंगामभर फक्त फेडायचं. नाही फिटली तर बाकी पुढच्या वर्षावर. म्हणजे पुन्हा यायचंच.

जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली. टनाला साधारण 366 रुपये झाले. दोघांनी दिवसात दोन टन तोडला तरी माणशी 366 च. पाऊस लागला किंवा कारखाना बंद पडला की तेही नाही.

इकडं पाटगाव धरणाचं पाणी, उसाची एफआरपी, कारखान्यातली नोकरी, ट्रॅक्टरचा धंदा, सगळं याच पट्ट्यात राहतं. तिकडं जातं ते थकलेलं अंग आणि अर्ध्यात शाळा तुटलेली पोरं.

आपल्याकडं टोळीचा विषय निघाला की आधी 'खुशाली'ची तक्रार येते. उचल घेऊन टोळी आलीच नाही आणि वाहतूकदार कर्जात बुडाला, हेही घडतं. तक्रारी खोट्या नाहीत. पण सगळा व्यवहार आगाऊ पैशावर आणि तोंडी शब्दावर चालला की मार दोन्ही टोकांना बसतो, शेतकरी-वाहतूकदाराला आणि मजुराला. मधला मुकादम बहुतेक वेळा सुटतो.

पोरांना जवळच्या जिल्हा परिषद शाळेत हंगामापुरतंही बसता येतं. दाखला नाही म्हणून शाळेला नाही म्हणता येत नाही. रेशनचंही तसंच. 'एक देश एक रेशन कार्ड' योजनेत बीडचं कार्ड इथल्या दुकानातही चालतं. आधार किंवा कार्डाचा नंबर सांगायचा आणि अंगठा लावायचा. फडात टोळी उतरली असेल तर एवढं त्यांच्या कानावर घाला, बऱ्याच जणांना ते माहीत नसतं.