स्वस्त मोटार आणि बुटांचे खोके

पुण्यात विकसित झालेली टाटांची नॅनो २००९ साली विक्रीस आली. चाकाला तीनच नट, काचेवर एकच वायपर आणि मागे न उघडणारे दार! ही निव्वळ कंजुषी होती काय? आपण तपासून पाहू.

गाडीचे वजन सुमारे ६०० किलो. भार कमी, म्हणून तीन नट पुरतात.

मागच्या दाराचे कारण समजण्यासाठी बुटांचे खोके घ्यावे. झाकण चारही कडांनी चिकटवून ते पिळून पाहावे. मग झाकण कापून पुन्हा पिळावे. आता ते सहज वाकडे होते. गाडीचा सांगाडाही असाच असतो. दार ठेवायचे तर भोवतालची चौकट बळकट करावी लागते. बिजागऱ्या, कुलूप यांचा खर्च वेगळाच. २०१५ च्या जेनएक्स नॅनोत मात्र उघडणारे दार आले.

पण सगळीच काटकसर अशी निर्धोक नसते. २०१४ साली ग्लोबल एनसीएपीने ताशी ६४ किलोमीटर वेगाने घेतलेल्या टक्कर-चाचणीत एअरबॅग नसलेल्या नॅनोला प्रौढांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले.

आमच्या नगरजवळच्या व्हीआरडीईसारख्या संस्थांत वाहनांच्या चाचण्या होतात. पत्रा कुठे वाचला आणि माणसाचे संरक्षण कुठे घटले, हे किंमत पाहून कळत नाही. त्यासाठी मोजमापच करावे लागते.