सरकारी दवाखान्यातल्या बैठकांत डॉक्टरांचा वेळ वाया जातो का?

डहाणू आणि तलासरी हे पालघर जिल्ह्यातले आदिवासीबहुल तालुके. निकषानुसार आदिवासी भागात २० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असतं. तिथे डॉक्टरांची पदं साधारण दोनच. त्यातले एक आढावा बैठकीसाठी तालुक्याला किंवा पालघरला गेले, की सगळी ओपीडी दुसऱ्यावर. दुसरं पद रिकामं असेल, तर पेशंट ताटकळतात.

मग बैठका बंदच कराव्यात का? आधी त्यातला फरक पाहू.

आकड्यांची बैठक: लसीकरण किती, प्रसूती किती? हे आकडे पोर्टलवर आधीच भरलेले असतात. ते वाचून दाखवायला डॉक्टर कशाला?

माता मृत्यूच्या कारणांची बैठक: घरून निघायला उशीर झाला, गाडी उशिरा मिळाली, की दवाखान्यात पोहोचूनही उपचार लांबले? हे शोधायला डॉक्टर, नर्स आणि आशाताई समोरासमोर बसाव्याच लागतात. चूक नेमकी कुठे झाली हे कळलं, तर पुढची आई वाचू शकते.

थोडक्यात कसोटी एकच: कोण, काय, कधीपर्यंत करणार, हे बैठकीत ठरलं का? ठरलं नसेल, तर तो वेळ पेशंटचा गेला.