पाट्या कोण टाकतो?

एका नाट्यपरीक्षणाचा अनुवाद करताना मी एका वाक्यापाशी अडले. नायकाच्या कामाबद्दल इंग्रजीत लिहिले होते, 'फोन्ड इट इन'. अमेरिकन नाट्यव्यवसायातला हा जुना विनोद: भूमिका इतकी किरकोळ, की नटाने थिएटरात न येता टेलिफोनवरून संवाद म्हटले तरी चालेल. पुढे मन न लावता केलेल्या कोणत्याही कामाला तो चिकटला. मी 'पाट्या टाकल्या' असे लिहून मोकळी झाले, पण मन खात राहिले. फोन करणारा नट आणि मातीच्या पाट्या वाहणारा मजूर एका पंगतीत बसतात का?

इंग्रजीत असे वाक्प्रयोग भरपूर. तोंडावरून घाईने ओला हात फिरवून 'नीट नंतर धुईन' म्हणावे, तसले काम म्हणजे 'अ लिक अँड अ प्रॉमिस'. यांतले बहुतेक शब्द काम पाहणाऱ्याचे, करणाऱ्याचे नव्हेत. मुद्दाम संथ काम करण्यावर फ्रेडरिक टेलर यांचा मोठा राग. १९११च्या पुस्तकात त्यांनी त्याला 'सोल्जरिंग' म्हटले आणि स्कॉटलंडमधला शब्दही नोंदवला, 'कॉ कॅनी'.

'कॉ कॅनी' म्हणजे 'जपून हाक', गाडी हाकतात तसे. हा शब्द मात्र कामगारांनीच उचलून धरला. १८८९मध्ये ग्लासगोच्या गोदी कामगारांनी मजुरीत वाढ मागून संप केला. मालकांनी शेतमजूर आणले, संप फसला, माणसे जुन्याच मजुरीवर परतली. तेव्हा युनियनचे सरचिटणीस एडवर्ड मॅकह्यू यांनी त्यांना सांगितले, की त्या नवख्यांना माल धड उचलताही येत नव्हता, तरी मालक त्यांच्यावर खूश होते. आता आपणही त्यांच्याइतकेच काम करू. काही दिवसांतच मालकांनी वाढ मान्य केली.

हे वाचताना आपला 'वेठ वारणे' आठवला. आता तो क्वचितच कानी पडतो. वेठ म्हणजे सक्तीचे, बिनमोबदल्याचे काम. ते कसेतरी उरकले जाई, यात नवल काय? पण बोलण्यात उरला तो कसेतरी उरकण्याचा अर्थ. मजुरी न देणारा वाक्प्रचारातून अलगद निसटला.

परीक्षणातल्या नटाला मानधन मिळत होते. मी 'पाट्या' खोडल्या आणि 'भूमिका उरकली' असे लिहिले.